स्ट्रू

स्ट्रू हे पसरणे, विखरून टाकणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद आहे. त्याची भूतकाळी रूपे स्ट्रूड आणि स्ट्रून. फुले, गवत, वाळू यांसारख्या सुट्या वस्तू जमिनीवर जागोजाग पडतील अशा टाकणे, हा त्याचा मूळ अर्थ. स्कॅटर या शब्दात वस्तू एकमेकींपासून दूर फेकल्या जातात, चारी दिशांना पांगतात. स्ट्रूमध्ये लक्ष असते ते खालच्या पृष्ठभागाकडे. म्हणूनच इंग्रजीत फुले स्ट्रू करता येतात, तशीच फुलांनी वाटही स्ट्रू करता येते. आज हे क्रियापद अधिक भेटते ते स्ट्रून या रूपात: वादळानंतर रस्त्यावर पडलेल्या फांद्या, खोलीभर पसरलेले कपडे. पसारा असा नकळत झालेला असला तरी शब्द मुळात हेतुपूर्वक पसरण्याचा आहे.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप साधारण स्ट्रेओवियन असे होते. जर्मनमधील श्ट्रॉयेन हा त्याचा सख्खा भाऊ. केकवर भुरभुरलेल्या साखर-लोण्याच्या चुऱ्याला श्ट्रॉयझेल म्हणतात ते त्यावरूनच. काड किंवा पेंढा या अर्थाचा इंग्रजी स्ट्रॉ हा शब्दही याच घरातला. जमिनीवर पसरतात ते स्ट्रॉ. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू यरुशलेमेत येताना लोक झाडांच्या डहाळ्या वाटेवर पसरतात, तिथे क्रियापद स्ट्रॉड असेच छापलेले आहे.

असे पसरणे केवळ गोठ्यातल्या पेंढ्यापुरते नव्हते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरांच्या आणि चर्चच्या जमिनीवर लव्हाळे अंथरत, त्यात सुवासिक वनस्पती मिसळत. नॉरिचच्या कॅथीड्रलमध्ये सणावारी पसरायचे ते वेखंड, आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच. पायाखाली चुरडले की वास दरवळायचा. अर्थात जुना थर न काढता वर नवा टाकत गेल्यास खाली काय साचत असेल, याची किळस डच विद्वान इरॅस्मसने एका पत्रात नोंदवली आहे. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज याच्या १८२१च्या राज्याभिषेकात मिरवणुकीपुढे फुले व सुवासिक पाने पसरत जाणारी मानकरी बाई होती आणि तिच्यासोबत सहा तरुणी होत्या. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातील ग्रासमियर आणि अँबलसाइड येथे चर्चमध्ये लव्हाळे नेण्याचा उत्सव अजून होतो.

शब्दाचे मूळ याहून मागे, इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या आदिरूपात जाते, आणि इथे तो मराठी माणसाच्या घरात शिरतो. संस्कृतातील स्तॄ (पसरणे) हा धातू त्याच मुळाचा. इंग्रजीत मूळ त-काराचा सहसा थ होतो, जसे त्रि आणि थ्री. पण स-कारामागे आलेला त तसाच टिकतो, म्हणून स्तॄ आणि स्ट्रू यांचे साम्य कानालाही जाणवते. ऋग्वेदात यज्ञासाठी बर्ही, म्हणजे पवित्र गवत, पसरण्याला हेच क्रियापद आहे. होमात अग्नीभोवती दर्भ ठेवण्याला आजही परिस्तरण म्हणतात. इंग्लंडमधले लव्हाळे आणि वेदीभोवतीचे दर्भ यांना एकाच मुळाचे शब्द मिळावेत, ही मला या शब्दाची सर्वांत सुंदर बाजू वाटते.

स्तर आणि विस्तार हे तत्सम शब्द याच धातूचे. आस्तरणापासून अंथरूण झाले, प्रस्तारापासून पथारी. बिस्तरा मात्र फारसीतून आला. तिथेही मूळ तेच. म्हणजे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणताना आपण स्ट्रूच्याच एका नातलगाचे नाव घेतो. लॅटिनमध्ये याच मुळापासून स्टेर्नेरे हे क्रियापद झाले. फरसबंद वाटेला तिथे व्हिया स्ट्राटा म्हणत आणि त्या स्ट्राटाचा इंग्रजीत स्ट्रीट झाला. भूशास्त्रातला स्ट्रॅटम, म्हणजे खडकाचा थर, तोही तिथलाच.

तारा या अर्थाचा इंग्रजी स्टार आकाशभर विखुरलेला दिसतो, म्हणून त्यालाही या कुळात ओढण्याचा मोह होतो. पण त्याचे मूळ वेगळे मानले जाते.