गिअरबॉक्स मागे, धोका पुढे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पाठीला लागलेली जड पेटी सोडवायची, जॅकवर तोलायची आणि खाली घ्यायची. पोर्शे ९२८ च्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, कारण तिचा गिअरबॉक्स इंजिनापाशी नसतोच.

१९७७ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. पुढे ४.५ लिटरचं आठ सिलिंडरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांमध्ये, आणि दोघांना जोडणारी एक लांब पोलादी नळी. त्या नळीत एक दांडा इंजिनाच्याच गतीने फिरतो. एवढा खटाटोप वजनाच्या वाटणीसाठी होता: पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा भार. गाडी लिफ्टवर घेताना नेमकी हीच गोष्ट आठवावी लागते. मागचा गिअरबॉक्स काढला की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तोपर्यंत नीट तोललेली गाडी नाकाकडे झुकू लागते. तिला आधी पट्ट्यांनी बांधून घेतलेलं बरं.

ऑटोमॅटिक ९२८ मध्ये इंजिनाची गती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टरही मागेच असतो. हे यंत्र मुळात जहाजांसाठी जन्मलं. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याला संथ गती हवी, ही अडचण सोडवायला जर्मन अभियंता हर्मान फोटिंगरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एका चक्राने फेकलेलं तेल समोरच्या चक्राला फिरवतं, आणि मधलं तिसरं, स्टेटर नावाचं चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. या वळवण्यामुळेच गाडी हलताना बल वाढून मिळतं, सुमारे दुप्पटही. स्टेटर नसेल तर तेल गती पोचवेल, पण बल वाढवणार नाही.

आता खरी मेख. दांड्याचं पुढचं टोक इंजिनाच्या मागच्या पातळ, लवचीक चकतीला, म्हणजे फ्लेक्सप्लेटला जोडलेलं असतं. ही जोडणी एका बोल्टने आवळलेल्या चिमट्याची असते. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडा पिळला जातो, आणि पिळलेला दांडा लांबीने किंचित आखडतो. हा फरक अगदी सूक्ष्म असतो, पण चिमट्यातून केसभर सरकायला तेवढा पुरतो. पाय उचलल्यावर दांडा पूर्ववत लांब होतो, मात्र चिमट्याने आता नवी जागा धरलेली असते. मग दांडा फ्लेक्सप्लेटला पुढे रेटतो. हजारो वेळा असं घडलं की चकती इंजिनाच्या बाजूला वाकून बसते आणि क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या आसावर, अखंड दाब ठेवते. या गाडीच्या जाणकारांत सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे. काही जण उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाला आणि तेलाच्या दाबाने फुगणाऱ्या कन्व्हर्टरलाही वाटेकरी धरतात.

हा दाब सोसतं ते थ्रस्ट बेअरिंग. त्याचं काम क्रँकशाफ्टला मागे-पुढे सरकू न देण्याचं, तेही अधूनमधून. सतत ढकललं गेलं तर तेलाचा थर टिकत नाही आणि बेअरिंग झिजून जातं. पुढची पाळी थेट अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकची.

म्हणून इथे पहिला पाना मागे लागत नाही. इंजिनाच्या मागच्या घराचं खालचं झाकण काढायचं, क्रँकशाफ्ट हाताने फिरवत चिमट्याचा बोल्ट समोर आणायचा आणि सैल करायचा. चकती वाकलेली असेल तर ती डोळ्यांदेखत झटक्यात मागे येते, कधी दोन-तीन मिलिमीटरसुद्धा. क्रँकशाफ्टची मागे-पुढे हालचाल डायल गेजने, म्हणजे सूक्ष्म सरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने, मोजायची तीही आत्ताच. ०.४ मिलिमीटरच्या वर गेली असेल तर गिअरबॉक्सचा विचार थांबवून आधी इंजिन उघडायचं. बाकी कामाला मग काही अर्थ उरत नाही.

मग नेहमीची कामं. बॅटरी सोडा, सायलेन्सर आणि उष्णतारोधक पत्रे काढा, चाकांकडे जाणारे अ‍ॅक्सल सोडवा, गिअर निवडण्याची केबल आणि निर्वाताची नळी मोकळी करा. तेल गार करणाऱ्या नळ्या गाडीच्या लांबीभर पुढच्या रेडिएटरपर्यंत जातात. त्यांची तोंडं लगेच बंद करा, नाहीतर तेल आणि धूळ दोन्ही छळतील. गिअरबॉक्सचं तेल उपसलं तरी कन्व्हर्टर भरलेलाच राहतो. पेटी वाकडी झाली की तो घसरून बाहेर येतो, म्हणून एक पट्टी लावून त्याला आत अडकवून ठेवतात.

परत बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचांत पूर्ण शिरला पाहिजे. बाहेर राहिलेला कन्व्हर्टर बोल्ट आवळून आत ओढायचा मोह झाला तर पहिल्यांदा पंप फुटतो. चिमटा सगळ्यात शेवटी, दांडा आणि चकती दोन्ही मोकळी असताना आवळायचा. त्याच वेळी दांड्यावर चिमट्याच्या कडेला रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. पुढच्या सर्व्हिसिंगला रेघ आणि कड यांच्यात फट दिसली, की बोल्ट पुन्हा सैल करून चकतीला मोकळं करायचं.