मोटरहोमची गंजलेली प्रोपेन टाकी: रंग मारायचा की बदलायची?

जुनी मोटरहोम (चाकांवरचं घर) घेतली की माणूस कधीतरी गाडीखाली वाकून बघतोच, आणि तिथे चॅसिसला लटकलेली, हीटरला गॅस पुरवणारी प्रोपेनची टाकी तांबडी-तपकिरी झालेली दिसते. मग सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो आतला गॅसच पत्रा खातोय, ही कधीही फुटेल. दुसरा सांगतो काही होत नाही, वायरब्रश मार, दोन हात रंग दे, अजून वीस वर्षं जाईल. मला हे दोन्ही सल्ले मनापासून खटकतात, कारण गंज म्हणजे काय हे दोघांनीही विचारात घेतलेलं नाही.

आधी आतलं बघू. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत खिळे परीक्षानळीत ठेवून शिकलेलो असतो. टाकीच्या आत असतो द्रव प्रोपेन आणि त्याच्यावर त्याचीच वाफ, हवा नाही आणि पाणी जवळपास नाही. प्रोपेन स्वतः लोखंडाशी काही करत नाही. त्यामुळे सतत वापरात असलेली टाकी आतून बहुतेक वेळा स्वच्छच असते, आणि जो काही गंज आहे तो बाहेरून आत चाललेला असतो.

आता बाहेरचा गंज, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सगळ्यांना वाटतं की जिथे पाणी आणि हवा जास्त तिथे गंज जास्त. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यात दोन रंगदर्शक घालायचे, एक लोखंड विरघळलं की निळा होतो, दुसरा अल्कली तयार झाली की गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसतो आणि कडेला गुलाबी. म्हणजे लोखंड विरघळतंय ते मध्यभागी, जिथे थेंब जाड आहे आणि हवेतला ऑक्सिजन खालपर्यंत नीट पोचत नाही, आणि कडेला, जिथे ऑक्सिजन भरपूर आहे, तिथलं लोखंड शाबूत राहतं! कारण गंज ही एक छोटी बॅटरी आहे. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातात, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात, आणि कडेला ऑक्सिजन ते घेऊन पाण्याबरोबर हायड्रॉक्साइड बनवतो. ऑक्सिजन खातो एका जागी आणि भोक पडतं दुसऱ्या जागी. आपल्याला दिसणारा तांबडा गंज तर या दोन जागांच्या मधे, दोन्ही पदार्थ भेटतात तिथे जमा होतो.

हेच टाकीला लावून बघा. टाकीचा उघडा, फुगीर भाग पावसात भिजतो आणि वाऱ्याने वाळतो, तिथे हवा सगळीकडे सारखी पोचते, म्हणून गंज पसरट आणि उथळ असतो. दिसायला तोच सगळ्यात भयानक. पण जिथे ब्रॅकेट टाकीला टेकतं, काही गाड्यांत जिथे पट्टा आवळलेला असतो, टाकीच्या पायांखाली, नाहीतर सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली, तिथे पाण्याचा पातळ थर अडकून बसतो, वाळत नाही, आतला ऑक्सिजन संपतो आणि बाहेरून नवा येत नाही. तो थेंबाचा मध्यभाग झाला. बाहेरचा सगळा उघडा पत्रा त्याची कड. मोठी कड आणि चिंचोळा मध्य, त्यामुळे सगळं विरघळणं त्या चिंचोळ्या जागेत एकवटतं.

त्यात अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि चाकं ते पाणी थेट टाकीवर फेकतात. मिठातले क्लोराइड आयन त्या चिंचोळ्या जागेतल्या धन लोखंड-आयनांकडे ओढले जातात, तिथलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आम्लामुळे आणखी लोखंड विरघळतं, त्यामुळे आणखी क्लोराइड आत येतं. स्वतःला स्वतःच वेग देणारी ही प्रक्रिया आहे. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ओलं होतं, पण बर्फ वितळवायला वापरतात ते मॅग्नेशियम क्लोराइड साधारण ३३ टक्क्यांनाच हवेतून पाणी ओढतं, म्हणजे गाडी कोरड्या शेडमध्ये उभी असली तरी पट्ट्याखाली ते काम चालूच. आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे तो रंग उचलतो, फट रुंद करतो आणि पाण्याला नवी जागा देतो.

अजून एक गोष्ट टाकी स्वतःच करते. हीटर जोरात चालला की द्रव प्रोपेन उकळतो (साध्या हवेच्या दाबाला त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस आहे), वाफ व्हायला लागणारी उष्णता टाकीच्या भिंतीतून घेतो, आणि द्रवाच्या पातळीखालची भिंत गार पडून थंड पाण्याच्या ग्लाससारखी बाहेरून पाझरते. म्हणून पाऊस नसतानाही टाकीचं पोट ओलं असतं. खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा जास्त गंजलेला दिसतो त्यात याचाही हात आहे.

म्हणून रंगाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. वरवरच्या गंजाला घासून प्रायमर आणि रंग देणं चांगलंच आहे, पण ब्रॅकेट न सोडता मारलेला रंग फटीच्या तोंडावर झाकण घालतो, आत पाणी तसंच राहतं. आणि ती 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक' डबी, जी बॅटरीला जोडली की अख्खी गाडी गंजायची थांबते असं सांगून विकतात, तिच्यावर पैसे घालवू नका. विजेने किंवा जस्ताने लोखंड वाचवता येतं हे खरं आहे, हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तेच तत्त्व दाखवलं, आणि जमिनीत पुरलेल्या टाक्या आजही तशाच वाचवतात. पण जहाजाभोवती समुद्र असतो आणि पुरलेल्या टाकीभोवती ओली माती, म्हणजे सर्किट पूर्ण करणारं सलग ओलं माध्यम. हवेत लटकलेल्या टाकीला ते नाही. सर्किटच नाही तर डबी काय करणार?

फुटण्याचं काय? गोल भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. ३८ अंशांना प्रोपेनचा दाब सुमारे १२ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). समजा त्रिज्या २० सेंटिमीटर आणि पत्रा ५ मिलिमीटर, तर ताण येतो ४८ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). साधं पोलादसुद्धा सुमारे २५० मेगापास्कलपर्यंत कायमचं वाकत नाही. मोटरहोमच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह साधारणपणे ३१२ पीएसआयला (चौरस इंचावर इतके पाउंड), म्हणजे साडेएकवीस बारला उघडतो, तेव्हाही ताण ८६च. जाडी निम्मी झाली तर ताण दुप्पट. सुटा एखादा खड्डा असेल तर त्याच्या आजूबाजूचा धातू भार उचलून घेतो, पण खड्डे एका रेषेत जोडले गेले, जसे पट्ट्याच्या कडेने जातात, तर भार उचलायला शेजारी कुणी उरत नाही. म्हणून रेषेतला गंज सुट्या खड्ड्यापेक्षा जास्त घातक धरतात. एकटा खड्डा आरपार गेला तर बहुतेक वेळा होते ती बारीक गळती, आणि प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असल्याने ती खाली साचते, हवेत २.१ ते ९.५ टक्के झाली की ठिणगीची वाट बघत बसते.

जाडी मोजायचं अल्ट्रासाउंड यंत्र असतं. पोलादात आवाज सेकंदाला जवळपास ५,९०० मीटर जातो, ५ मिलिमीटर पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला १.७ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून जाडी कळते. पण त्यासाठी ब्रॅकेट सोडून त्याखाली मोजायला हवं, उघड्या पोटावर मोजून उपयोग नाही. ट्रेलरच्या काढता येणाऱ्या सिलिंडरला फेरतपासणीची तारीख असते, मोटरहोमच्या कायमच्या बसवलेल्या एएसएमई (अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाच्या) टाकीला तशी नसते, म्हणून ती वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. तिची माहितीपट्टी गंजून वाचता येईनाशी झाली असेल तर गॅस भरणाऱ्याला नियमाप्रमाणे ती भरता येत नाही, आणि वेल्डिंग करून दुरुस्ती हा गॅरेजचा विषय नाही. अशा टाकीला बदलणं हाच मार्ग.

बदलण्याचं काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. भरलेल्या टाकीत ऑक्सिजन नसल्याने आत काही पेटू शकत नाही, पण 'रिकामी' टाकी उघडली की हवा आत जाते आणि मिश्रण कधीतरी त्या २.१ ते ९.५ च्या पट्ट्यातून जातंच. नव्या टाकीचं उलटं, तिच्यात हवा आणि पाण्याची वाफ आधीपासून असते. तंत्रज्ञ प्रोपेनची वाफ १५ पीएसआयपर्यंत भरून बाहेर सोडतो, असं पाच वेळा. १५ पीएसआय म्हणजे जवळपास एक वातावरणाचा दाब, त्यामुळे दर वेळी हवेचा वाटा निम्मा होतो: अर्धा, पाव, अष्टमांश, आणि पाचव्यांदा बत्तिसावा भाग, साधारण ३ टक्के.

ही पायरी घाईत गाळू देऊ नका, कारण राहिलेलं पाणी रेग्युलेटरमध्ये गोठतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ओल आणि हवेने आत ताजा गंज धरतो. प्रोपेनला स्वतःला वास नसतो, सडक्या कोबीसारखा येणारा वास त्यात मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा, आणि आतला गंज त्या मर्कॅप्टनचं ऑक्सिडीकरण करून वास फिका करतो. म्हणजे गळती झाली तरी नाकाला कळणार नाही. म्हणून नवी टाकी बसवल्यावर पहिल्यांदा ती थोडीशी न भरता नेहमीच्या ८० टक्क्यांपर्यंत भरून घ्या, म्हणजे पत्र्याच्या मानाने मर्कॅप्टन जास्त राहतं, आणि गॅस डिटेक्टर छताजवळ नाही, जमिनीजवळ लावा, त्याची मुदत संपली असेल तर तोही याच वेळी बदला.