अ‍ॅपला कसं कळतं, पुढचं गणित कुठलं द्यायचं?

बेळगावात हल्ली गणिताच्या अ‍ॅपची जाहिरात ‘एआय’ हा शब्द घातल्याशिवाय होत नाही. अ‍ॅप म्हणे मुलाचा मेंदू ओळखतं! तसं काही नसतं. पण गणित सुटलं की पुढचं जरा अवघड आणि चुकलं की जरा सोपं, हे बऱ्याच अ‍ॅपमध्ये होतं, आणि त्यासाठीची एक सुरेख युक्ती बुद्धिबळातून आली आहे.

अर्पाद एलो हे अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळाडूंचं बळ आकड्यात मोजायची त्यांची पद्धत ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. या आकड्याला रेटिंग म्हणतात. पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ती शाळकरी मुलांच्या गणिताला लावली. इथे मुलाचा प्रतिस्पर्धी म्हणजे समोरचं गणितच.

समजा, निपाणीतल्या सातवीच्या मुलीचं रेटिंग १२०० आहे आणि अपूर्णांकाच्या एका गणिताचं १४००. फरक २००. त्याला या पद्धतीत ठरलेल्या ४०० ने भागलं की ०.५. दहाचा ०.५ वा घात म्हणजे १० चं वर्गमूळ, ३.१६. त्यात १ मिळवा आणि १ ला त्या ४.१६ ने भागा: ०.२४. म्हणजे तिला हे गणित सुटण्याची शक्यता २४ टक्के. सुटलंच, तर उरलेल्या ०.७६ ला ३२ या ठरवून घेतलेल्या आकड्याने गुणून तिला २४ गुण मिळतात. चुकलं तर जेमतेम ८ जातात. आणि खरी गंमत पुढे आहे. तिला मिळालेले गुण गणिताच्या खात्यातून वजा होतात! त्यामुळे कुठलं गणित सोपं, कुठलं अवघड, हे कुणा सरांनी ठरवावं लागत नाही. मुलं सोडवत जातात तसं ते आपोआप ठरत जातं. चारपैकी तीन गणितं सुटावीत असं वाटत असेल, तर तिच्याहून सुमारे १९० ने खालची गणितं काढायची (३ चा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम गुणिले ४००).

यात मेंदू कुठे आला? मुलांचा ‘मिडब्रेन’ म्हणजे मध्यमेंदू जागा करतो म्हणणाऱ्या शिबिरवाल्यांनाही हेच विचारावं. मध्यमेंदू झोपलेला नसतोच. डोळ्यांच्या हालचाली सांभाळण्यात तो कायम गुंतलेला असतो.

सीमाभागात मात्र या हिशेबातली खोट उघडी पडते. खानापूरच्या मराठी शाळेतला मुलगा कन्नड किंवा इंग्रजी अ‍ॅप उघडतो आणि शाब्दिक उदाहरण चुकतो. त्रैराशिक येत नाही म्हणून, की वाक्यच कळलं नाही म्हणून? एकाच आकड्यातून हे समजत नाही. रेटिंग उतरतं आणि अ‍ॅप त्याला परत बेरीज-वजाबाकीत नेऊन बसवतं. तेव्हा स्कोअर बघून धास्तावण्याआधी पालकांनी चुकलेलं उदाहरण एकदा मराठीत वाचून दाखवावं. “हे होय!” म्हणत पोरानं ते सोडवलं, तर गणिताच्या शिकवणीची फी भरायची घाई करू नये.