रक्त ‘पातळ’ करणाऱ्या गोळीने रक्त पातळ होत नाही

‘बाबांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ हे आपण सर्रास म्हणतो. पण अ‍ॅस्पिरिनने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. प्लेटलेट्स, म्हणजे एकमेकींना चिकटून गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, एकमेकींना बोलावण्यासाठी जो रासायनिक निरोप सोडतात, तो ही गोळी बंद पाडते. गुठळी होते ती कोण कुणाला, कुठे आणि किती वेळात चिकटतं यावरून, आणि तेही वाहत्या रक्तात. हा हिशेब कागदावर सुटत नाही, म्हणून संगणक लागतो.

विळीवर बोट कापलं की तिथे बांध पडू लागतो आणि प्रवाहाची वाटच बदलते. रक्तवाहिनीच्या नळीत काल्पनिक चौकटींची जाळी आखून प्रवाहाचं गणित करायचं, तर ती जाळी पुन्हापुन्हा आखावी लागते. त्यापेक्षा द्रवालाच कण मानायचं. पोत्यातून ज्वारी ओतली की ती पाण्यासारखी वाहते, पण प्रत्येक दाण्याचा संबंध येतो तो फक्त शेजारच्या दाण्यांशी. १९९२ साली होगरब्रुगे आणि कोलमन या संशोधकांनी मांडलेल्या ‘डिसिपेटिव्ह पार्टिकल डायनॅमिक्स’ या पद्धतीत एकेक कण म्हणजे असंख्य रेणूंचा पुंजका असतो. दोन कण जवळ आले की तीन बलं लागतात. एक त्यांना दूर ढकलतं. दुसरं म्हणजे घर्षण, ते त्यांच्या वेगातला फरक कमी करतं. तिसरा असतो आंधळा धक्का, कधी इकडे तर कधी तिकडे. घर्षण जेवढी ऊर्जा काढून घेतं तेवढी हा धक्का परत देतो, त्यामुळे तापमान टिकतं. शिवाय प्रत्येक बल जोडीतल्या दोघांवर समान आणि विरुद्ध असतं, म्हणून एकूण संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) तसूभरही फरक पडत नाही. एवढं पाळलं की द्रवाचा प्रवाह आपोआप उमटतो. त्याचं समीकरण कुणी वेगळं घालावं लागत नाही! मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

याच गणितात काल्पनिक स्प्रिंगांनी कण जोडून लवचिक तांबड्या पेशी बनवतात. त्या नळीच्या मध्याकडे सरकतात आणि चिमुकल्या प्लेटलेट्सना भिंतीकडे रेटतात, म्हणजे जखम होते नेमकी तिथे.

जखमेपाशी पोचलेली प्लेटलेट लगेच चिकट होत नाही, तिला थोडा वेळ लागतो. २००६ साली पिव्हकिन, रिचर्डसन आणि कार्नियाडाकिस यांनी प्लेटलेट्सना कण मानून हा विलंब गणितात धरला. प्रवाह वाढला की आधी गुठळी भराभर वाढते, कारण प्लेटलेट्स जास्त येतात. वेग आणखी वाढला की चिकट होण्याआधीच त्या वाहून जातात. प्राण्यांच्या शिरांवरच्या जुन्या प्रयोगांतही असंच दिसलं होतं.

‘ब्लॉकेज विरघळवणारा काढा’ म्हणून जे फॉरवर्ड फिरतात, त्यांत धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी आणि रक्ताची गुठळी यांतला फरकही नसतो. ‘तुमचं अख्खं हृदय संगणकात’ या जाहिरातीही, एकेका पेशीपर्यंतचा हिशेब म्हणाल तर, तितक्याच पोकळ. एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी आणि दीड ते चार लाख प्लेटलेट्स असतात. गुठळी पक्की व्हायला मिनिटं लागतात, आणि कणांचं गणित सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यांनी पुढे सरकतं. त्यामुळे एकेक पेशी धरून संगणकात केलेल्या अशा नकला (सिम्युलेशन्स) सध्या बारीक नळीच्या छोट्याशा तुकड्यापुरतीच होतात.