"मन घट्ट कर" म्हटल्यानं दुःख थांबतं का?

बोंडअळीनं कपाशी गेली की पारावर हमखास ऐकू येते, "दुःख करायचं का नाही, हे आपल्याच हाती असते. मन घट्ट कर, भाऊ." हा समज खोटा आहे, आणि खचलेल्या माणसाला तो अपराधीही ठरवतो. भावना विचारून येत नाही. छाती धडधडते, घसा दाटतो, विचार कित्येकदा मागून येतो.

हाती असतं ते त्यानंतरचं, तेही थोडंच. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ च्या प्रयोगात लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. चेहरा कोरा ठेवणाऱ्यांची किळस कमी झाली नाही, उलट शरीराचा ताण वाढला. तेच दृश्य अलिप्त नजरेनं पाहणाऱ्यांना मात्र किळस कमी वाटली. रडू गिळायला सांगणारे नेमका चुकीचा उपाय सांगतात!

नैराश्य तर आजारच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावपातळीवर समुपदेशन पोचवलं, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

झोप, भूक उडून दोन आठवडे झाले असतील तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, मराठीत बोलता येते.