ठसका न लागणारी मुलं

जेवताना ठसका लागला की घरातलं कुणीतरी पाठीवर थापट्या मारत "वर बघ, वर बघ" म्हणतं आणि दुसरं कुणीतरी "कोण आठवण काढतंय बघ" म्हणून मोकळं होतं. आठवण राहू द्या बाजूला. भाताचं एखादं शीत चुकीच्या दारात पाऊल टाकतं आणि राखणदार आरडाओरडा करतो, तो ठसका. हा लेख अशा मुलांबद्दल आहे, ज्यांचा राखणदार झोपलेला असतो.

निमित्त झालं ओळखीतल्या एका बाईंच्या फोनचं. त्यांचा भाचा नऊ वर्षांचा, तीव्र सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), वर्षभरात तीनदा न्यूमोनिया. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला होता. बाई म्हणाल्या, "गळ्याला भोक पाडलं की छातीत कफ व्हायचा थांबेल ना?" प्रश्न साधा आहे, आणि बहुतेकांचा समज तोच असतो. उत्तर मात्र "नाही" असं आहे. ते का, हे समजायला आधी घशात उतरावं लागेल.

आपल्या घशाची रचना कुणी नीट विचार करून केली असेल असं वाटत नाही. नाक तोंडाच्या वर, म्हणजे हवा वरच्या वाटेने येते. पण मानेत श्वासनलिका पुढे असते आणि अन्ननलिका तिच्या मागे. त्यामुळे हवा आणि घास यांना वाटेत एकमेकांना ओलांडावंच लागतं. रस्ता आणि रेल्वे एकाच पातळीवर, आणि मध्ये एक फाटक.

हे फाटक चालतं कसं, ते स्वतःवरच पाहा. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. उंचवटा वर सरकून परत खाली आला ना? तेवढ्यात काय काय झालं पाहा. जिभेने घास मागे ढकलला. टाळूचा मऊ पडदा वर जाऊन नाकाची वाट बंद झाली. अख्खं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडलं, पानाच्या आकाराचं झाकण त्यावर कलंडलं, आत दोन्ही स्वरतंतू एकमेकांना चिकटले, श्वास थांबला आणि अन्ननलिकेचं एरवी आवळलेलं तोंड उघडलं. घास गेला. मग बहुतेक वेळा आपण आधी श्वास सोडतो, घेत नाही. दाराशी काही उरलंच असेल तर ते बाहेर फुंकलं जावं म्हणून. हे सगळं साधारण सेकंदाभरात. पंचवीसहून अधिक स्नायू, मेंदूतून थेट निघणाऱ्या १२ जोड नसांपैकी ५, आणि मेंदूच्या देठातून येणारे हुकूम. मला विचाराल तर शरीरातलं हे सगळ्यात सुंदर वेळापत्रक आहे, आणि दिवसातून शेकडो वेळा पाळलं जाऊनही कुणाच्या लक्षात येत नाही.

मेंदूला इजा झालेल्या मुलात हे वेळापत्रक कोलमडतं. स्वरयंत्र उशिरा उठतं, फाटक अर्धवट लागतं, घास आधीच येऊन पडतो. त्यातच घशाची संवेदना बोथट असेल तर श्वासनलिकेत थेंब गेला तरी ठसका येत नाही. घरच्यांना वाटतं, छान खातोय की. खरं चित्र कळतं ते एक्स-रेखाली गिळताना पाहिलं तर, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं तर.

"मग तोंडाने देऊच नका, पोटात नळी घाला" हा पुढचा सल्ला. तो योग्यच असतो, पण पुरेसा नसतो. कारण लाळ. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, लहान मुलात त्याहून कमी. आपण ती नकळत गिळत राहतो. या मुलांची थोडी लाळ ओठांवरून गळते, ती दिसते, रुमालाने पुसता येते. मागच्या मागे घशात उतरणारी दिसत नाही, आणि तोंडातले जंतू घेऊन ती फुफ्फुसात मुरत राहते. औषधाने, लाळग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन किंवा ग्रंथींच्या वाहिन्या बांधून लाळ कमी करता येते. काही मुलांचं त्यावर भागतं.

आता "गळ्याला भोक", म्हणजे ट्रॅकिओस्टोमी. श्वासनलिकेच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या दरम्यान छेद देऊन नळी बसवतात. वरचा रस्ता अरुंद असेल, मूल व्हेंटिलेटरवर असेल, कफ खेचून काढायचा असेल तर हिला तोड नाही. पण ही वाट फाटकाच्या खाली उघडते. फाटक जसं होतं तसंच उघडं, लाळ पूर्वीसारखीच वरून खाली. काही नळ्यांभोवती फुगा असतो खरा, पण लाळ त्याच्यावर साचते आणि कडेच्या सुरकुत्यांतून झिरपते. फुगा जास्त फुगवला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो.

इथे थोडं आत शिरतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

गिळताना स्वरतंतू बंद होतात तेव्हा त्यांच्याखाली अडकलेल्या हवेचा दाब किंचित वाढतो. हा दाब स्वरयंत्राखालच्या संवेदक नसांना कळतो आणि गिळण्याची क्रिया नेटकी व्हायला मदत होते. गळ्यात उघडी नळी असली की ही हवा निसटून जाते. शिवाय नळीच्या वजनाने स्वरयंत्र पुरेसं उचललं जात नाही, आणि हवाच वरून जात नसल्याने घशाची संवेदना आणखी मंदावते. म्हणजे काही मुलांत भोकामुळे गिळणं सुधारायच्या ऐवजी बिघडू शकतं.

यावरचा जालीम उपाय १९७५ साली अमेरिकेतले सर्जन रॉजर लिंडेमन यांनी मांडला: वाटाच वेगळ्या करा. श्वासनलिका आडवी पूर्ण कापायची. खालचं टोक मानेच्या कातडीला गोल शिवून टाकायचं. मूल आता फक्त तिथून श्वास घेणार. वरचं टोक लिंडेमन यांनी अन्ननलिकेला जोडलं; पुढे ते नुसतं शिवून बंद करण्याची सोपी पद्धतही आली. स्वरयंत्र जागच्या जागी राहतं, म्हणून कागदोपत्री ही शस्त्रक्रिया उलटवता येते. लाळ फुफ्फुसात जायचा रस्ताच उरत नाही. न्यूमोनिया कमी होतो, रात्रीतून दहादा सक्शन करायला, म्हणजे यंत्राने कफ-लाळ खेचून काढायला, उठणाऱ्या आईला झोप मिळते. लाइट गेली की पायाने दाबायचं सक्शन मशीन ज्या घरात काढावं लागतं, तिथे या झोपेची किंमत वेगळी सांगायला नको. काही मुलांना तर तोंडाने चाखताही येतं. आमरसाचं बोट जिभेवर ठेवायला मग भीती नाही.

शस्त्रक्रिया निवडताना एक धोकाही पाहावा लागतो. या मुलांचा पाठीचा कणा अनेकदा वाकलेला असतो. कणा आणि छातीचं हाड यांतलं अंतर कमी होतं, आणि महाधमनीची पहिली मोठी शाखा श्वासनलिकेच्या पुढ्यात चिमटली जाते. गळ्यातल्या नळीचं टोक आतून त्याच जागी घासत राहिलं तर भिंत झिजून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण आधी अनेकदा थोडं ताजं रक्त दिसतं. ते दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

मग सगळ्यांनाच वाटा वेगळ्या का करू नयेत? कारण आवाज जातो, आणि शस्त्रक्रिया कागदोपत्री उलटवता येत असली तरी बहुतेकदा तो कायमचाच. फाइलमध्ये "बोलत नाही" असं लिहिलेलं असतं. पण बोलत नाही म्हणजे आवाज नाही असं थोडंच! भूक लागल्याचं कुंथणं, बाबांची गाडी वाजल्यावरचं खिदळणं, दुखल्यावरचं रडणं घरातल्यांना ओळखू येतं. वासही जवळजवळ जातो, कारण नाकातून हवा फिरत नाही. म्हणून गिळणं सुधारण्याची आशा असलेल्या, आवाजाने काही सांगू शकणाऱ्या मुलात थांबावं. आणि आजार वाढत जाणारा असेल, न्यूमोनिया पाठ सोडत नसेल, तर वाटा वेगळ्या करण्याचा विचार उशिरा करू नये, असं माझं मत. हा हिशेब आई-बापांना बसवून, घाई न करता सांगायला हवा.

त्या बसलेल्या आई-बापांच्या कानावर भलतेसलते उपायही पडत असतातच. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरं करायला गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. आधीच श्वास तोकडा, त्यात छातीवर मातीचा दाब! पण शहरी सुशिक्षितांनी फार हसू नये. सेरेब्रल पाल्सीवर लाखो रुपयांचे "स्टेम सेल" विकणारी दुकानं एसीत चालतात, आणि चाचणीबाहेर असे उपचार विकू नयेत, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे.

बाईंना शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. साध्या ट्रॅकिओस्टोमीवर बोलण्यासाठी एकतर्फी झडप लावतात. हवा नळीतून आत येते आणि स्वरतंतूंवरून बाहेर जाते. वाटा वेगळ्या केलेल्या मुलाला चुकून ती लावली तर हवा आत जाईल, बाहेर यायला जागाच नाही. तसंच धावपळीत कुणी ऑक्सिजनचा मास्क तोंडावर धरला तर फुफ्फुसात काहीच पोचणार नाही. ब्रिटनमध्ये गळ्याला छेद असलेल्या रुग्णांच्या उशाशी पाटी लावतात: वरची वाट चालू असेल तर हिरवी, बंद असेल तर लाल. शस्त्रक्रिया ठरलीच तर भाच्याच्या खाटेवर, व्हीलचेअरवर आणि शाळेच्या दप्तरावर लाल पुठ्ठा लावा, म्हटलं, आणि त्यावर मोठ्या मराठी अक्षरात लिहा: "नाकातोंडातून हवा जात नाही. ऑक्सिजन गळ्याला द्या."