सूर्यनमस्कार पतंजलींचे? नाही हो, औंधचे!

जानेवारी आला की अमेरिकेत मंदिरांच्या हॉलमध्ये १०८ सूर्यनमस्कार सुरू. बाहेर बर्फ, आत मॅटला मॅट लावून सगळे, पन्नासाव्यानंतर काकालोकांचे गुडघे कटकट वाजतायत, आणि माइकवर कोणीतरी दरवर्षी तेच सांगतं की हे पतंजलींनी योगसूत्रात दिलंय. नाही दिलेलं! योगसूत्रात आसनाबद्दल मोजून तीन सूत्रं, ‘स्थिरसुखमासनम्’ वगैरे, म्हणजे स्थिर आणि आरामात बसा, बास. एकाही आसनाचं नाव नाही, सूर्यनमस्कार तर लांबच.

सूर्याला नमस्कार घालायची पद्धत जुनी आहे, त्यात वाद नाही. पण आजचा हा व्यायाम घरोघरी, शाळाशाळांत पोचवला तो आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९२० च्या दशकात. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या पोरांनाही घालायला लावायचे, शिवाय १९२८ ला इंग्रजीत पुस्तक काढलं आणि १९३८ ला तर थेट लंडनमधून. म्हणजे परदेशात प्रचार तेव्हाच सुरू झालेला, आणि तोही मराठी माणसाने केलेला, पण आपल्याच मंडळात हे कोणाला माहीत नसतं (मलाही चाळिशीत कळलं म्हणा).